न्यूयॉर्कमधल्या २८ मजली इमारतीच्या बॉयलरचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पकडावा का?

न्यूजर्सीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मॅनहॅटनमधल्या एका २८ मजली निवासी को-ऑपच्या (सहकारी गृहसंस्थेच्या) बोर्डाला तांत्रिक मत द्यायचं आहे. इथे बॉयलर, प्रोसेस आणि रेफ्रिजरेशनमधली बरीच माणसं आहेत, म्हणून आकड्यांसकट विचारतो.

इमारत साडेतीन लाख चौरस फूट, सुमारे ३०० घरं. तळघरात ५०० हॉर्सपॉवरचे दोन फायर-ट्यूब बॉयलर. लो प्रेशर स्टीम, नैसर्गिक गॅसवर. घरं तापवणं आणि नळाचं गरम पाणी दोन्ही त्यांच्यावरच. वर्षाचा गॅस २०,००० एमएमबीटीयू (उष्णतेचं माप, दहा लाख बीटीयू), त्यातला अंदाजे एक तृतीयांश नळाच्या पाण्याला. वीज भाडेकरूंसकट २८ लाख युनिट. मधल्या फायरिंगला (बर्नर मध्यम जोरावर असताना) चिमणीत ऑक्सिजन ८ टक्के येतो. ब्रीचिंगवर (बॉयलरपासून चिमणीपर्यंतच्या धुराच्या नळीवर) बॅरोमेट्रिक डँपर आहेत, म्हणजे ओढ बेतायला खोलीची हवा आत घेणाऱ्या झडपा, चिमणी जुनी, विटांची.

एका विक्रेत्याचा प्रस्ताव असा: तळघरातल्या गाड्यांच्या काही जागा घेऊन तिथे कार्बन कॅप्चरचा संच बसवायचा, बॉयलरचा ६० टक्के सीओटू वेगळा करून द्रवरूपात साठवायचा आणि टँकरने काँक्रीटवाल्याला द्यायचा. बोर्डाला शहराच्या उत्सर्जन कायद्याच्या २०३० नंतरच्या दंडाची धास्ती आहे.

मला हवंय ते हे: ६० टक्के आकडा खरा धरावा का, बसवताना नेमकं काय बिघडतं, आणि त्याआधी दुसरं काही करावं का?

---

हिशेबी

आधी कायद्याचा हिशोब, कारण बोर्डाची धास्ती तिथली आहे.

२०१९ चा स्थानिक कायदा ९७ हा २५,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना लागू आहे. मर्यादेच्या वर जाणाऱ्या प्रत्येक टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड. निवासी इमारतीला २०२४ ते २०२९ मर्यादा चौरस फुटाला ०.००६७५ टन, म्हणजे तुम्हाला २,३६२ टन. तुमचा गॅस एमएमबीटीयूला ५३.११ किलोने १,०६२ टन आणि वीज युनिटला ०.२८९ किलोने ८०९ टन. एकूण १,८७१. आज तुम्ही आरामात आत आहात.

२०३० पासून मर्यादा ०.००३३४७ होते, म्हणजे १,१७१ टन. विजेचा गुणांक (युनिटमागे धरलेले किलो) तेव्हा ०.१४५ वर उतरतो, त्यामुळे वीज ४०६ टन. गॅस तसाच १,०६२. एकूण १,४६८. जास्तीचे २९७ टन, दंड वर्षाला साधारण ८०,००० डॉलर. प्रश्न या २९७ टनांचा आहे. बोर्डासमोर ६० टक्के हा आकडा ठेवण्याआधी २९७ हा आकडा ठेवा.

आता ६० टक्के. तो निव्वळ नसतो. अप्पर वेस्ट साइडवरच्या ३० मजली ग्रोव्हनर हाउसमध्ये कार्बनक्वेस्ट कंपनीचा संच आहे. तिथेही ५०० हॉर्सपॉवरचे दोन बॉयलर, तिथेही तळघरातल्या पार्किंगची जागा घेतलेली, आणि द्रवरूप वायू ब्रुकलिनच्या काँक्रीट ब्लॉक कारखान्याला जातो. तिथला जाहीर आकडा बॉयलरच्या उत्सर्जनाच्या ६० टक्क्यांच्या आसपास आहे, पण संचाला लागणारी वीज धरून सबंध इमारतीचं उत्सर्जन साधारण २३ टक्के उतरतं. दोन्ही आकडे खरे, फक्त छेद वेगळा.

तुमच्याकडे ६०० टन पकडले आणि टनाला ४०० युनिट वीज लागली असं धरू (हा माझा धरलेला आकडा आहे, विक्रेत्याकडून हमीचा आकडा लेखी घ्या). २,४०,००० युनिट होतात. आजच्या गुणांकाने ६९ टन परत उत्सर्जनात, निव्वळ ५३१. २०३० च्या गुणांकाने ३५ टन परत, निव्वळ ५६५. म्हणजे ग्रिड जितकी स्वच्छ तितका हा संच चांगला दिसतो. पण त्याच स्वच्छ ग्रिडवर हीट पंप त्याहून चांगला दिसतो, हे विक्रेता सांगणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. कायद्याचं सूत्र जळालेल्या इंधनाला गुणांकाने गुणतं. चिमणीतून प्रत्यक्षात किती बाहेर पडलं, हे ते मोजत नाही. गॅस मीटरवर २०,००० दिसत राहिले तर पकडलेला टन कोणत्या रकान्यात वजा होणार, याचं उत्तर इमारत विभागाकडून तुमच्या इमारतीच्या नावाने लेखी मिळाल्याशिवाय करारावर सही नको. विक्रेत्याचं पत्र इथे चालणार नाही.

---

वाफारा

धुराच्या बाजूचं मी लिहितो. निम्म्या अडचणी तिथेच असतात आणि प्रस्तावात त्या एका ओळीत उरकलेल्या असतात.

पहिलं काम ऑक्सिजन. ८ टक्के ऑक्सिजनला कोरड्या धुरात सीओटू ७.३ टक्के भरतो, ४ टक्क्यांना ९.५. तेवढाच सीओटू पकडायला ८ टक्क्यांवर ३० टक्के जास्त धूर ओढावा, थंड करावा, वाळवावा लागतो. ब्लोअर, कूलर, ड्रायर, अॅडसॉर्बर (सीओटू धरणाऱ्या दाण्यांची टाकी), सगळंच त्या प्रमाणात मोठं. बर्नरची गॅस आणि हवा एकत्र बांधणारी लिंकेज काढून स्वतंत्र सर्व्हो मोटर आणि ऑक्सिजन ट्रिम (ऑक्सिजन मोजून हवा आपोआप बेतणारं नियंत्रण) बसवा, सगळ्या फायरिंग रेटला ट्यून करा. एवढ्यानेच गॅस दीड-दोन टक्के वाचतो.

दुसरं, धूर कुठून घ्यायचा. बॅरोमेट्रिक डँपरच्या पुढून घेतलात तर बॉयलर रूमची हवा मिसळलेला पातळ धूर मिळेल आणि ट्रिम करून काही उपयोग होणार नाही. टॅप, म्हणजे धूर काढून घ्यायची जोडणी, बॉयलरच्या आउटलेटला, डँपरच्या आधी हवी. पण तिथून ओढलं की बर्नरच्या ड्राफ्टशी छेडछाड होते. ब्लोअर जास्त ओढायला लागला तर ज्योत हलते, कमी ओढला तर काही नाही, धूर चिमणीने जातो. म्हणून ब्लोअरचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) ब्रीचिंगच्या प्रेशर ट्रान्समीटरवर चालवा, आणि चिमणीकडची वाट कधीच पूर्ण बंद होणार नाही अशी ठेवा. संच ट्रिप झाला, वीज गेली, हवेचा दाब गेला, तर टॅपचा डँपर स्प्रिंगने बंद व्हायला हवा आणि बॉयलरला त्याची खबरही लागता कामा नये. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात शहराच्या नियमाने घरं गरम ठेवावीच लागतात. कॅप्चर बंद पडलं म्हणून बॉयलर बंद, अशी इंटरलॉक कोणी काढून आणली तर आराखडा परत पाठवा.

तिसरं, पाणी. लोक सीओटू मोजतात आणि पाणी विसरतात. गॅस जळताना सीओटूच्या दुप्पट मोल पाणी तयार होतं. तुमचा एक बॉयलर पूर्ण फायरिंगला तासाला सुमारे १,०८० किलो सीओटू देतो. त्याच धुरातून ३५ अंशांपर्यंत थंड करताना तासाला जवळपास ६०० लिटर पाणी गळतं. हे पाणी आम्ल असतं, पीएच ४ च्या आसपास. साध्या पोलादी पाइपमधून सोडलंत तर खालचा भाग आधी सडेल. कूलर ३१६एल किंवा त्याहून वरच्या स्टेनलेसचा, निचरा प्लॅस्टिकचा, आणि ड्रेनच्या आधी चुनखडीच्या खड्यांची न्यूट्रलायझर टाकी. खडे विरघळतात, वरून चिखल बसतो, मग पाणी खड्यांना न शिवता वरून निघून जातं. तीन महिन्यांनी उघडून ढवळायची आणि भर घालायची हे देखभालीच्या करारात लिहून घ्या. आणि बॉयलर रूमच्या शेजारी लाँड्री असेल तर ज्वलनाची हवा तिथून येत नाही ना हे बघा. ब्लीचचा क्लोरिन ज्योतीतून गेला की कंडेन्सेटमध्ये (धुरातून गळलेल्या पाण्यात) क्लोराइड येतं आणि ३१६एललाही टाचणीएवढी भोकं पडतात.

चौथं, चिमणी. धुराचा मोठा वाटा संचाकडे वळवला की विटांच्या चिमणीत उरलेला धूर हळू चढतो आणि वर जाईपर्यंत थंड होतो. मग दव आतल्या भिंतीवर धरतं आणि सांध्यांचा चुना खातं. संचातून परत आलेला थंड, ओलसर नायट्रोजन तर त्या चिमणीत अजिबात सोडू नका. त्याला स्वतंत्र स्टेनलेस पाइप वरपर्यंत न्या, किंवा सबंध चिमणीला लायनर (आतून धातूचं अस्तर) घाला. २८ मजल्यांचा लायनर हा खर्चाच्या यादीतला मोठा आकडा आहे आणि प्रस्तावात तो बहुतेक वेळा "मालकाकडून" या सदरात सापडतो.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर. त्या ६०० लिटर पाण्याबरोबर सुमारे ४०० किलोवॉट उष्णता बाहेर पडते. कॅप्चर संचाला ती नको असते, तो कूलिंग टॉवर किंवा चिलर लावून फेकून देतो. तुमच्याकडे मात्र हिवाळ्यात ५ अंशांचं नळाचं पाणी येतं आणि ते गॅस जाळून तापवलं जातं. धूर थंड करणारा हा पहिला टप्पा, म्हणजे कंडेन्सिंग इकॉनॉमायझर, एकटाच बसवा. नळाच्या पाण्याच्या प्रीहीटला जोडला तर वर्षाला ८ ते १० टक्के गॅस कमी होणं रास्त आहे. १० टक्के धरले तर २,००० एमएमबीटीयू, म्हणजे १०६ टन. आणि हे टन गॅस मीटरवर दिसतात, हिशेबींनी सांगितलेली परवानगीची अडचण इथे येतच नाही.

एक सूचना. पहाटे २ ते ५ नळाला मागणी नसते पण बॉयलर चालू असतो, त्यामुळे उष्णता साठवावी लागते. ती पिण्याच्या पाण्यात साठवू नका. २५-३० अंशांना उभं असलेलं पाणी म्हणजे लीजनेला या रोगजंतूचं घर. बंद सर्किटमध्ये १० हजार लिटरच्या आसपास टाकी ठेवा आणि नळाचं पाणी दुहेरी भिंतीच्या हीट एक्स्चेंजरमधून त्या क्षणी जाऊ द्या.

---

शीतक

वाफारांचा धूर ३५ अंशांना माझ्याकडे आला असं समजून पुढचं लिहितो.

इमारतीत अमाइन (सीओटू शोषणारं रासायनिक द्रावण) नको, हे आधी. मोठ्या प्लांटमध्ये ३० टक्के एमईए या अमाइनचं द्रावण चालतं, पण ते परत ताजं करायला १२० अंशांची वाफ लागते, टनाला साडेतीन-चार गिगाज्यूल. धुरातल्या ऑक्सिजनने ते कुजतं आणि थोडं वाफेबरोबर बाहेर पडतं. शयनगृहांच्या खिडक्यांखाली ते कोणालाच नको. त्यामुळे इमारतींसाठी घन अॅडसॉर्बंटचे, दाब बदलून चालणारे संच येतात: थोड्या दाबाने धूर आत, सीओटू दाण्यांना चिकटतो, मग व्हॅक्यूम पंपाने तो सोडवून घ्यायचा.

दाणे १३एक्स झिओलाइटचे (सूक्ष्म छिद्रांच्या खनिजाचे) असतील तर पहिला शत्रू पाणी. १३एक्स पाण्याला सीओटूपेक्षा कितीतरी घट्ट धरतो आणि ते सोडायला अडीचशे-तीनशे अंश लागतात, जे व्हॅक्यूमने होत नाही. म्हणून आधी ड्रायर, ड्यू पॉइंट (दव धरायचं तापमान) उणे ४० पर्यंत. ड्रायरचा एक व्हॉल्व्ह जरी गळला तरी दाण्यांच्या बेडचा तोंडाकडचा थर कायमचा मरतो. ओळखायची खूण अशी: उत्पादनाची शुद्धता आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरते आणि बेडच्या बाहेर सीओटू लवकर दिसायला लागतो. ऑपरेटर सायकलची वेळ कमी करून शुद्धता परत आणतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि वीज प्रति टन चढत जाते. म्हणून सायकलची वेळ आणि युनिट प्रति टन हे दोन आकडे रोज नोंदवले गेलेच पाहिजेत.

दुसरा शत्रू व्हॉल्व्ह. ५ मिनिटांची सायकल असेल तर ५,००० तासांत प्रत्येक व्हॉल्व्ह ६०,००० वेळा उघडतो. हवेवर चालणाऱ्या बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या सीट वर्षा-दोन वर्षांनी बदलायच्या वस्तू आहेत, सुटे भाग म्हणून दरात धरा. दाब झटकन बदलला तर दाणे उडतात, घासतात, भुकटी होते आणि तीच सीटवर जाऊन बसते.

आता द्रवीकरण, कारण इथे बरेच आराखडे फसतात. विक्रेत्याला विचारा: अॅडसॉर्बरमधून निघणारा सीओटू किती शुद्ध? "९५ टक्के" म्हणाला तर पुढचा प्रश्न: उरलेल्या ५ टक्के नायट्रोजन-ऑक्सिजनचं काय करता? साठवण समजा २० बार आणि उणे २३ अंशांना आहे. उणे २३ ला सीओटूचा स्वतःचा बाष्पदाब १८ बार असतो. म्हणजे टाकीच्या वरून जो वायू सोडणार त्यात २० पैकी १८ भाग सीओटूच. ५ भाग नायट्रोजन घालवायला ४५ भाग सीओटू सोबत जाईल, म्हणजे कष्टाने पकडलेल्यातला जवळपास निम्मा. ९९ टक्के शुद्धतेला हेच नुकसान ९ टक्क्यांवर येतं. उणे ४० ला द्रवीकरण केलं तर बाष्पदाब १० बार, व्हेंटमध्ये (टाकीवरून सोडलेल्या वायूत) निम्माच सीओटू, पण रेफ्रिजरेशनची वीज वाढते. यावर उपाय म्हणजे व्हेंट परत अॅडसॉर्बरच्या तोंडाशी नेणं. पी अँड आयडीवर (पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यावर) ती रेषा दिसत नसेल तर ६० टक्के विसरा.

आकार. तुमची वर्षाची सरासरी काढा: १,०६२ टन भागिले ८,७६० तास, म्हणजे तासाला १२१ किलो. एका बॉयलरची पूर्ण क्षमता १,०८०. हे अंतर बघितलं की कळतं की शिखराला संच बसवणं म्हणजे पैसा वाया. तासाला २०० किलोच्या आसपासचा संच बेस लोडवर (कायम असणाऱ्या किमान लोडवर) सलग चालवायचा, वरचं चिमणीने जाऊ द्यायचं. आणि बॉयलर सारखा बंद-चालू होत असेल तर आधी ते थांबवा. बर्नर सुरू होताना होणारा पर्ज म्हणजे नुसती हवा. दर वीस मिनिटांनी संचात हवा शिरली तर तो स्थिर होणारच नाही.

साठवण. तासाला २०० किलो म्हणजे जानेवारीत दिवसाला ४.८ टन. हिमवादळ आणि शनिवार-रविवार धरून चार दिवस तरी हवेत, म्हणजे १८-२० टनांची सोय. आता वजन बघा: त्याहून कमी, १५ टन द्रव आणि ८ टनांची टाकी असं साधं धरलं आणि पायाखाली १२ चौरस मीटर जागा दिली तरी चौरस मीटरला १,९०० किलो. गाड्यांच्या पार्किंगचा स्लॅब ४० पौंड प्रति चौरस फुटाला, म्हणजे २०० किलोच्या आत डिझाइन केलेला असतो. दहापट फरक आहे. टाकी जमिनीवर टेकलेल्या सगळ्यात खालच्या मजल्यावरच जाईल, आणि नेमकी तीच जागा सीओटू साचायला सगळ्यात वाईट.

त्यामुळे सुरक्षेवर थोडं सविस्तर.

सीओटू हवेच्या दीडपट जड. द्रवाच्या एका किलोचा खोलीच्या तापमानाला ५४० लिटर वायू होतो. तुमची खोली २० बाय १५ बाय ४ मीटर धरली तर १,२०० घनमीटर. त्यात ४ टक्के सीओटू व्हायला, जी तत्काळ जीवाला धोका असलेली पातळी आहे, ८८ किलो पुरतात. २० टनांच्या टाकीतले ८८ किलो.

आणि तिथे ऑक्सिजन मीटर लावून भागतं असं समजू नका. हवेत ४ टक्के सीओटू झाला की ऑक्सिजन २०.९ वरून फक्त २०.१ वर येतो. ऑक्सिजनचा अलार्म १९.५ ला लावलेला असतो. तो वाजेपर्यंत सीओटू ६.७ टक्के झालेला असेल आणि माणूस आडवा पडलेला असेल. सीओटू विषारी आहे, नुसता गुदमरवणारा नाही. इन्फ्रारेड सीओटू सेन्सरच हवेत, जमिनीपासून फूट-दीड फुटावर, टाकीजवळ, दारापाशी, आणि लिफ्टच्या खड्ड्यात आणि संप पंपाच्या खड्ड्यातसुद्धा. ०.५ टक्क्याला इशारा आणि पंखा, ३ टक्क्यांच्या बऱ्याच खाली भोंगा, रिकामं करणं आणि टाकीचा व्हॉल्व्ह आपोआप बंद. दिवा आणि भोंगा खोलीच्या बाहेरही, कारण आत धावत जाणाऱ्याला तो आधी दिसला पाहिजे. पंख्याचं खेचणं जमिनीलगत, आणि सोडणं फुटपाथच्या जाळीतून नाही.

पाइपिंगच्या दोन चुका वारंवार दिसतात. एक, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव अडकतो. उणे २० चा द्रव खोलीच्या तापमानाला आला की त्याला सव्वापटीहून जास्त जागा लागते आणि पाइप फुटतो. बंद होऊ शकणाऱ्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा थर्मल रिलीफ हवा. दुसरी, दाब ५.२ बारच्या खाली गेला की द्रवाचा बर्फ होतो, ड्राय आइस. सेफ्टी व्हॉल्व्हच्या पुढे लांब, वाकडा पाइप असेल तर तो नेमका गरजेच्या क्षणी बर्फाने तुंबतो. वायूच्या बाजूने दाब धरून मग द्रव काढायचा, होस मोकळी करताना घाई नाही. बर्फाने तुंबलेली होस कोणी हातोडीने ठोकू नये, गोळी सुटल्यासारखा तुकडा बाहेर येतो.

आवाजाचंही बघून ठेवा. न्यूयॉर्कच्या नियमात यंत्रांचा आवाज शेजारच्या घरात, उघड्या खिडकीजवळ, ४२ डेसिबलच्या आत लागतो. व्हॅक्यूम पंपाची खालच्या सुरातली घरघर भिंतींतून चढते, ती स्प्रिंगवर बसवल्याशिवाय आणि सायलेन्सर लावल्याशिवाय जात नाही.

---

न्यूजर्सीकर

मनापासून आभार. व्हेंटमधल्या १८ बारचा मुद्दा माझ्या यादीत नव्हताच. प्रस्ताव परत उघडला, त्यात शुद्धता "९५ टक्क्यांहून अधिक" लिहिली आहे आणि रीसायकलची रेषा नाही. लायनर "मालकाकडून" याच सदरात आहे.

दोन गोष्टी अजून विचारतो. बोर्डातल्या एकांनी छोट्या, पोटॅशवाल्या यंत्रांबद्दल विचारलंय, द्रवीकरण नको, टाकी नको असं. त्यात दम आहे का? आणि हिशेबी, हीट पंपाचा आकडा याच चौकटीत बसवून द्याल का?

---

क्षार

पोटॅशचं मी सांगतो. कॅलगरीच्या क्लीनओटू कंपनीचं कार्बिनएक्स हे त्यातलं ठाऊक असलेलं यंत्र. धूर पोटॅशियम हायड्रॉक्साइडवरून जातो, पोटॅशियम कार्बोनेट तयार होतं, ते साबण वगैरेंसाठी विकलं जातं, आणि अभिक्रियेची उष्णता पाण्याला मिळते. दाब नाही, द्रव सीओटू नाही, शीतकांनी सांगितलेली भीती जवळपास नाही. लहान इमारतीला हे खरंच सोयीचं आहे.

पण वजनाचं गणित टाळता येत नाही. ४४ किलो सीओटूला ११२ किलो हायड्रॉक्साइड लागतं आणि १३८ किलो कार्बोनेट निघतं. म्हणजे एका टनाला २.५५ टन माल आत, ३.१ टन माल बाहेर. तुमच्या २९७ टनांना ७५० टनांहून जास्त दाहक क्षार वर्षभर तळघरात उतरवायचा आणि ९३० टन पावडर वर चढवायची. हे लिफ्टचं काम नाही. हातमोजे, चष्मा, डोळे धुण्याची सोय, ओल लागली की गोळे होणारा माल, हे सगळं वेगळंच.

शिवाय तो क्षार पोटॅशियम क्लोराइडच्या विद्युत अपघटनाने बनतो आणि टनाला हजाराहून जास्त युनिट वीज खातो. म्हणजे पकडलेल्या टनामागे २,५०० हून जास्त युनिट दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यात खर्च झालेली असतात. पोटॅशियम कार्बोनेट एरवीही हायड्रॉक्साइडमध्ये सीओटू सोडूनच बनवतात, त्यामुळे तुमचा माल त्या कारखान्याच्या मालाची जागा घेत असेल तर क्षाराचा भार तुमच्या माथी येत नाही आणि फायदा खरा. नवीनच माल बाजारात ओतत असाल तर नाही. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न तोच.

---

हिशेबी

हीट पंप, फक्त नळाच्या पाण्यासाठी. गॅस ६,५०० एमएमबीटीयू धरतो, म्हणजे ३४५ टन. ७५ टक्के कार्यक्षमतेने पाण्यात जाणारी उष्णता ४,८७५ एमएमबीटीयू, म्हणजे १४.३ लाख युनिट उष्णता. वर्षाचा सीओपी (एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता) २.८ धरला तर ५.१ लाख युनिट वीज. २०३० च्या गुणांकाने ७४ टन. निव्वळ घट २७१ टन. तुम्हाला २९७ हव्या आहेत.

म्हणजे नळाचं पाणी एकटं बॉयलरवरून काढलं तरी दंड जवळपास संपतो, उरलेल्या २६ टनांतले ११ ते १४ बर्नर ट्रिमने निघतात. कॅप्चरपेक्षा वीज दुप्पट लागते हे खरं, पण ६,५०० एमएमबीटीयूचं गॅस बिल थांबतं. कॅप्चरमध्ये गॅसचं पूर्ण बिल चालूच राहतं आणि वर विजेचं येतं. अडचण जागेची आणि वीजजोडणीची: सरासरी उष्णता १६३ किलोवॉट, सकाळी त्याच्या दुप्पट-अडीचपट, गच्चीवर यंत्रं, त्यांचं वजन, आणि सर्व्हिस वाढवायची असेल तर वीज कंपनीची रांग.

वाफारांचा इकॉनॉमायझर आणि हा हीट पंप एकत्र पूर्ण मोजू नका. दोघांचं गिऱ्हाईक एकच, नळाचं थंड पाणी. दोन्ही बसवले तर इकॉनॉमायझरचा फायदा बराच घटतो.

---

चिंचवडकर

एक शंका. पुण्या-मुंबईत घरं तापवायची नसतात, पण मोठ्या हॉटेलांत आणि रुग्णालयांत लाँड्री आणि गरम पाण्याला पीएनजीवरचे (पाइप गॅसवरचे) एक-दोन टनी बॉयलर बारा महिने चालतात. लोड तर न्यूयॉर्कपेक्षा स्थिर. तिथे हे जमेल का?

---

शीतक

लोडच्या दृष्टीने तुमचं बरोबर आहे, तासाला एक टन वाफेचा बॉयलर पूर्ण चालला तर ७० घनमीटर गॅस आणि १४० किलो सीओटू, तोही सपाट. संच आनंदाने चालेल. पण ग्रिड बघा. आपल्याकडे युनिटला सुमारे ०.७ किलो. टनाला ४०० युनिट लागली तर २८० किलो तिथेच परत गेले. त्याच यंत्राचं निव्वळ काम न्यूयॉर्कला २०३० च्या गुणांकाने ९४ टक्के, इथे ७२. वाफेचं कंडेन्सेट परत आणणं, ट्रॅप (वाफ अडवून पाणी सोडणारे व्हॉल्व्ह), छतावरचं सोलर पाणी, लाँड्रीच्या सांडपाण्यातली उष्णता, हे सगळं होऊन बॉयलर उरला तर मग विचार करा.

---

वाफारा

न्यूजर्सीकर, बोर्डाला द्यायचा क्रम माझ्या मते असा, आणि यातलं मोजमाप या हिवाळ्यातच सुरू करा.

दोन्ही बॉयलरच्या आउटलेटला, डँपरच्या आधी, ऑक्सिजन, सीओ आणि तापमानाचं लॉगिंग, गॅस मीटरला पल्स, बर्नरच्या सुरू-बंदची नोंद, आणि नळाच्या पाण्याच्या मेक-अप लाइनवर (तापवायला येणाऱ्या थंड पाण्याच्या पाइपवर) फ्लो मीटर. एका मिनिटाच्या अंतराने, जानेवारी ते एप्रिल. खर्च फार नाही. तुमचा "एक तृतीयांश" हा अंदाज आहे आणि वरचा प्रत्येक हिशोब त्याच्यावर उभा आहे. नळाचा वाटा २२ टक्के निघाला तर हीट पंपाचे २७१ टन १८० च्या आसपास येतात आणि चित्र बदलतं.

लॉगिंग चालू असतानाच स्टीम ट्रॅपची तपासणी उरका. २८ मजल्यांच्या स्टीम इमारतीत नापास ट्रॅपमुळे वाफ कंडेन्सेट लाइनमध्ये शिरते, रिसीव्हर उकळतो, व्हेंटमधून वाफ गच्चीवर जाते. गच्चीवरच्या त्या व्हेंटला थंडीच्या सकाळी पांढरा लोट दिसत असेल तर तो गॅसच जातोय.

त्यानंतर ट्रिम, आणि नळाच्या पाण्यासाठी हीट पंप किंवा इकॉनॉमायझर यांपैकी एक. कॅप्चरचा प्रस्ताव फेकू नका. इकॉनॉमायझर निवडलात तर त्याच्या आउटलेटला १० इंची ब्लाइंड फ्लँज (पुढे जोडता येईल असं झाकलेलं तोंड) आणि बाजूला स्किडची (संचाच्या सांगाड्याची) जागा आजच सोडून ठेवा, थंड केलेला धूर तिथे तयार मिळेल. विक्रेत्याला शीतकांचे प्रश्न लेखी पाठवा: अॅडसॉर्बरनंतरची शुद्धता, व्हेंट कुठे जातो, टँकरच्या वजनकाट्यावर मोजलेल्या टनामागे किती युनिट, आणि ही हमी ३० टक्के लोडला किती. शेवटचा प्रश्न विसरू नका, वर्षातले बहुतेक तास तुमचे बॉयलर त्याच्याही खाली असतात.

---

न्यूजर्सीकर

मेक-अप लाइन ४ इंची तांब्याची आहे. वरून लावायचा अल्ट्रासॉनिक मीटर चालेल ना, की पाइप कापावा लागेल?

---

वाफारा

वरून लावायचा चालेल. सरळ तुकडा मीटरच्या आधी १० व्यास, म्हणजे ४० इंच, आणि नंतर ५ व्यास मिळेल अशी जागा निवडा. चेक व्हॉल्व्हच्या लगेच पुढे नको. तांबं घासून चकचकीत करा, ग्रीस जाड लावा, भिंतीची जाडी मोजून भरा, तक्त्यातली नको. पहाटे ३ ला शून्य दाखवतोय का बघा. नसेल तर आधी कुठला नळ किंवा फ्लश गळतोय ते शोधा, ३०० घरांत तो सापडतोच.